गटाचा हप्ता थकला म्हणून वसुलीवाले रात्री घरात येऊन बसायलेत, ह्यांना काही नियम आहे का नाही?

येलदरीचं_पाणी (ता. जिंतूर, जि. परभणी):

रामराम मंडळी. माझ्या मायच्या नावानं दोन गटाचं कर्ज आहे, दोन्ही मायक्रोफायनान्स कंपन्याचे, एक ४० हजाराचं आणि एक ६० हजाराचं. आजपर्यंत कधी हप्ता चुकला नव्हता, माय लोकाच्या रानात खुरपायला जाऊन हप्त्याचे पैसे बाजूला ठेवायची. यंदा सोयाबीन पाण्यात गेलं, जे हाताला लागलं ते डागी, आडतीवर नेलं तर ओल आहे माती आहे म्हणून भाव पाडला, आणि त्यातच बाप दवाखान्यात. म्हणून ६० हजारवाल्या गटाचे हप्ते थकलेत, दुसऱ्याचे कसेतरी चालू ठेवलेत.

आता त्रास असा आहे की वसुलीवाले दोघं तिघं मिळून यायलेत. सकाळी साडेसातलाच दारात हजर, आणि संध्याकाळी आठला आले की दहा दहा वाजेपर्यंत ओसरीवर बसून राहतात, पैसे घेतल्याबिगर उठणार नाही म्हणतात. परवा एकानं शेजारपाजारच्या समोर मायला म्हणलं की गळ्यातलं मोडा नाहीतर टीव्ही आणि शिलाई मशीन उचलून नेतो. सेलूच्या मामाला पण फोन लावला, त्याचा ह्या कर्जाशी काय संबंध? गटातल्या बाया वेगळ्या तोंड फिरवून राहायल्यात, कारण साहेबानं त्यांना सांगितलंय की हिचा हप्ता तुम्ही भरा नाहीतर कुणालाच पुढचं कर्ज नाही. वरून पोलीस केस करून आत टाकू असं पण म्हणायलेत.

पैसे बुडवायचे नाहीत आम्हाला, तूर निघाली की भरतो असं माय दहादा सांगायली. पण ती रात्री झोपंना झालीय. मी पुण्याला कंपनीत आहे, लगेच सुट्टी मिळत नाही. ह्यांना घरी यायचा अधिकार आहे का, किती वाजेपर्यंत, आणि तक्रार कुठं करायची, जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.


गोदाकाठ_गेवराई:

भाऊ सगळ्यात आधी मायला सांगा घाबरू नका म्हणून. आरबीआयचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीसाठी फोनसुद्धा करता येत नाही, घरी येऊन बसणं तर लांबच. चारचौघात अपमान करणं, नातेवाईकाला मित्राला फोन लावणं, मोबाईलवर घाणेरडे मेसेज टाकणं हे सगळं त्यात बंद आहे. त्याची प्रिंट काढून ओसरीवरच चिकटवा, आले की दाखवा.


माजी_फील्डवाला (लातूर):

गेवराईकर, भावना बरोबर आहे पण ते परिपत्रक दाखवलं की तो पोरगा हसंल, कारण त्यातच लिहिलेलं आहे की मायक्रोफायनान्स कर्जाला ते लागू नाही. त्याला वेगळे नियम आहेत, १४ मार्च २०२२ ला आले आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले, आणि ते उलट जास्त कडक आहेत. त्यात सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोनसुद्धा नाही, मग घरी येऊन बसणं तर लांबच. म्हणजे साडेसातला पण चूक आणि रात्री आठला तर दुप्पट चूक. बँकेचं पर्सनल लोन, गाडीचं लोन, क्रेडिट कार्ड असलं की ८ ते ७, गटाचं असलं की ९ ते ६, एवढं लक्षात ठेवा.

मी स्वतः ह्याच धंद्यात होतो, लातूर आणि औसा भागात सेंटर सांभाळलेत, म्हणून दोन्ही बाजू सांगतो, कुणाला राग आला तर येऊ द्या. नियम असा आहे की हप्ता घ्यायचा तो दोघांनी मिळून ठरवलेल्या जागेवर, म्हणजे आपली सेंटर मीटिंग, गटाची हप्त्याची बैठक, जिथं होते तिथं. पण बाई लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा मीटिंगला आलीच नाही तर मात्र फील्डवाल्याला घरी किंवा कामाच्या ठिकाणी जायची परवानगी आहे. म्हणून येलदरी भाऊ, मायला सांगा की पैसे असोत नसोत मीटिंगला जाऊन बसायचं, लाज वाटली तरी जायचं. तिथं जाऊन "आज एवढेच आहेत" म्हणून दोनशे पाचशे दिले आणि कर्जाच्या कार्डावर लिहून घेतलं तर घरी यायचं कारणच त्यांच्याकडं राहत नाही. बहुतेक बाया नेमकं उलट करतात, पैसे नसले की घराला कुलूप लावून रानात निघून जातात, मग साहेब लोक घरी यायला मोकळे.

आता रात्री दहापर्यंत का बसतात ते पण ऐका. संध्याकाळी ब्रँचमध्ये डिमांड किती आणि कलेक्शन किती ह्याचा हिशोब होतो, ज्याची ओडी म्हणजे थकबाकी जास्त त्याला मॅनेजर व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यासमोर झापतो, बाईच्या दारात उभा राहिलेला फोटो आणि लोकेशन टाक म्हणतो. २२-२३ वर्षाचं पोरगं, मोटारसायकलवर दिवसभर फिरलेलं, त्याला वाटतं रिकाम्या हातानं गेलो तर इन्सेंटिव्ह गेला. मी हे त्याची बाजू घ्यायला सांगत नाही, फक्त त्या पोराशी भांडून फायदा नाही एवढंच, कारण उद्या त्याच्या जागी दुसरा येईल. तक्रार वर गेली पाहिजे. नियमात स्पष्ट आहे की कर्मचारी असो की बाहेरची वसुली एजन्सी असो, त्यांच्या वागण्याला कंपनीच जबाबदार.

आणखी, धमकी देणं, शिव्या देणं, सारखा सारखा फोन करणं, नातेवाईक मित्र किंवा सोबत काम करणाऱ्याला त्रास देणं, थकबाकीवाल्याचं नाव जाहीर करणं, आणि कर्ज नाही फेडलं तर काय होईल ह्याबद्दल खोटं सांगणं, हे सगळं त्याच नियमात बंद लिहिलंय. "आत टाकू" हे त्या शेवटच्यात बसतं. मामाला केलेला फोन पण बसतो.


रोखठोक_बीडकर:

एवढं कशाला करत बसता, एक रुपया भरू नका. कर्जमाफी येणारच आहे, सगळ्या पार्ट्या बोलायल्यात. भरणारा येडा ठरतो आणि न भरणाऱ्याचं माफ होतं हेच आजवर बघितलंय. गावातल्या सगळ्या बाया एक झाल्या आणि वसुलीवाल्याला गावात येऊ दिलं नाही तर काय करणार आहेत?


माजी_फील्डवाला (लातूर):

बीडकर, राग समजतो पण लोकाच्या मायला असला सल्ला देऊ नका. २०१७ ची दीड लाखाची माफी बघा, २०१९ ची दोन लाखाची बघा, दोन्ही शेतीकर्जाच्या होत्या, बँक आणि सोसायटीच्या. गटाचं मायक्रोफायनान्सचं कर्ज त्यात नव्हतं. माफीच्या भरवशावर बसलेल्या बाया माझ्याच सेंटरला होत्या, माफी काही आली नाही आणि रेकॉर्ड खराब झालं, मग दवाखान्याला पैसे लागले तेव्हा गावातल्या सावकाराकडं शेकडा पाच रुपये महिन्यानं उचलावं लागलं.


कोर्टाच्या_पायरीवर (अंबाजोगाई):

वकिली करतो म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो.

कर्ज थकणं हा गुन्हा नाही. पैसे नाहीत म्हणून हप्ता भरता आला नाही तर पोलीस अटक करत नाहीत, तो दिवाणी मामला आहे, कंपनीला कोर्टात दावा करावा लागतो. पण ह्याला एक पाय फुटतो तो नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सॲपवर "कर्जात कधीच केस होत नाही" असं फिरतं ते अर्धवट आहे. तुम्ही चेक दिला असेल आणि तो बाउन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची फौजदारी केस होऊ शकते. बँक खात्यातून आपोआप हप्ता कटायची जी सही घेतात, ती ई-नॅच, ती बाउन्स झाली तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या कलम २५ खाली तसंच आहे. त्यातही थेट अटक नसते, आधी लेखी नोटीस येते आणि पैसे भरायला १५ दिवस मिळतात. म्हणून पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला तर परत पाठवू नका, आपल्याकडं ही फार खोड आहे, पत्र घेतलं नाही म्हणजे केस टळली असं वाटतं. टळत नाही, उलट उत्तर द्यायची संधी जाते.

मंगळसूत्र आणि मशीनचं. मायक्रोफायनान्सचं कर्ज व्याख्येनंच बिनातारण असतं. काहीही गहाण नाही, मग उचलून नेणार कशाच्या जोरावर? घरातली वस्तू जप्त करायची तर आधी कोर्टाचा हुकूमनामा लागतो, मग कोर्टाचा बेलिफ येतो, कंपनीचा माणूस नाही. आणि कोर्टाला पण सगळं जप्त करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आहे, त्यात अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, कारागिराची हत्यारं ह्यांना हात लावता येत नाही. आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणं बाईला जे दागिने अंगावरून उतरवता येत नाहीत ते पण त्यातच आहेत. जे कोर्टाला करता येत नाही ते ओसरीवर बसलेल्या पोराला करता येतं का? माय शिलाईवर चार पैसे कमावत असतील तर मशीनसाठी पण ह्याच कलमातलं हत्यारांचं संरक्षण मागता येतं.

जा म्हणल्यावर सुद्धा धमकवायला म्हणून घरात बसून राहणं हा गृह-अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो, भारतीय न्याय संहिता कलम ३२९. जिवाची मालमत्तेची धमकी ३५१, मुद्दाम अपमान ३५२. जुने आयपीसीचे नंबर १ जुलै २०२४ नंतरच्या प्रकरणात चालत नाहीत, अर्जात नवीन लिहा. रात्री बसले आणि उठत नसतील तर सरळ ११२ लावा. ठाण्यात बहुतेक वेळा एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद घेतील, "पैसे घेतलेत तर भरा ना" असंही एखादा जमादार म्हणेल, म्हणू द्या, नोंदीची नक्कल मात्र मागून घ्या. पुढं तीच कामाला येते.


सेंटर_प्रमुख_ताई (औसा तालुका):

मी गटप्रमुख आहे म्हणून बोलते. दादा तुमच्या आईचा त्रास खरा आहे पण गटातल्या बायांना नावं ठेवू नका. आमच्याकडं अशीच एक जण अडकली होती, तर साहेबानं आम्हा सगळ्याजणींना देवळात दोन तास बसवून ठेवलं, कुणाचं लेकरू रडायलं, कुणाची म्हैस पिळायची राहिली, आणि साहेब म्हणे एकीचा पूर्ण आल्याबिगर कुणीच घरी जायचं नाही. मग बाया साहेबाला नाही बोलत, त्या बाईलाच बोलतात. कंपनीला हेच पाहिजे असतं, त्यांचं काम आम्ही फुकटात करतो.

शेवटी मीच म्हणलं साहेब तुमच्या कार्डावर असं कुठं लिहिलंय ते दाखवा की बसवून ठेवायचं. नाही दाखवलं. कार्डाच्या मागं तक्रारीचा टोल फ्री नंबर असतो, तिथंच सगळ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. पुढच्या मीटिंगला दुसरा साहेब आला आणि अर्ध्या तासात मीटिंग संपली. तुमच्या आईला म्हणावं गटप्रमुखाशी आधी बोला, चार बाया सोबत असल्या तर साहेबाचा आवाज आपोआप खाली येतो.

आणि एक विचारायचं होतं, दुसरीचा हप्ता आम्ही भरायचा हे खरंच बंधनकारक आहे का? आम्ही तर सह्या केल्यात कुठं कुठं, काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही.


माजी_फील्डवाला (लातूर):

ताई, तुम्ही केलं ते एकदम बरोबर. सहीचं असं आहे की काही कंपन्या गटातल्या बायांकडून एकमेकींच्या जामिनावर सही घेतात, काही घेत नाहीत, प्रत्येकीनं आपापला कागद बघावा लागेल. सही केलेली असेल तर कागदोपत्री जबाबदारी येते, ती नाही म्हणून चालत नाही. पण जामीनदाराकडून वसूल करायचं तरी ते ह्याच नियमात, बसवून ठेवून नाही. आणि कागद मागायचा तुमचा हक्क आहे. कर्जाचं कार्ड बाईला समजेल अशा भाषेत पाहिजे, त्यावर व्याजदर, सगळे चार्जेस, हप्ते, तक्रारीचा नंबर, आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद पाहिजे.

येलदरी भाऊ, कार्ड हातात घ्या आणि दोन गोष्टी तपासा. एक, उशिराचा दंड कशावर लावलाय. तो फक्त थकलेल्या हप्त्यावर लावता येतो, पूर्ण कर्जावर नाही. दुसरी गोष्ट, ते कर्ज देताना घराचं उत्पन्न किती लिहिलंय. नियम असा आहे की घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखापर्यंत असेल त्यालाच हे कर्ज, आणि घरातल्या सगळ्या कर्जाचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नको. म्हणजे घरात महिन्याला १६ हजार येत असतील तर सगळे हप्ते मिळून ८ हजाराच्या आत. आम्ही फॉर्म भरताना काय करायचो ते सांगू का, म्हैस नसली तरी दोन म्हशी लिहायचो, दूध घालतात म्हणून लिहायचो, की झालं उत्पन्न. तुमच्या मायच्या फॉर्मवर असलं काही सापडलं तर तक्रारीत लिहा, कंपनीला ते लई झोंबतं.


येलदरीचं_पाणी (ता. जिंतूर, जि. परभणी):

सगळ्यांचे आभार, ताईंचं वाचून मायला फोन केला, ती म्हणायली गटप्रमुख बाई चांगली आहे, तिलाच लाज वाटायली बोलायची. कार्डाचे फोटो चुलत भावाकडून मागवलेत. वकील साहेब, अर्ज कुणाला आणि कसा करायचा? आणि मी पुण्यात बसून मायच्या वतीनं करू शकतो का, का वकीलच लावावा लागतो?


कोर्टाच्या_पायरीवर (अंबाजोगाई):

वकील लावायची अजिबात गरज नाही, आमच्या पोटावर पाय आला तरी खरं सांगतो. पहिला अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, ईमेल कार्डावर किंवा वेबसाईटवर असतो. ईमेल करा आणि ब्रँचला पण एक प्रत देऊन पोच घ्या, पोच देत नसतील तर पोस्टानं रजिस्टर एडी. साध्या मराठीत लिहा, असं काहीतरी:

"माझे कर्ज खाते क्रमांक अमुक. पीक गेल्याने व घरातील आजारपणामुळे हप्ते थकले आहेत, कर्ज मला मान्य आहे व मी ते फेडणार आहे. परंतु अमुक तारखेला रात्री ८ ते १० आपले प्रतिनिधी माझ्या घरी बसून होते, मंगळसूत्र मोडा असे म्हणाले, माझ्या भावाला फोन केला. हे रिझर्व्ह बँकेच्या मायक्रोफायनान्स नियमांविरुद्ध आहे. आलेल्या व्यक्तींची नावे, वसुली एजन्सीचे नाव व त्यांना दिलेले अधिकारपत्र मला द्यावे. माझ्या खात्याचा पूर्ण उतारा द्यावा. मला दरमहा एवढी रक्कम भरणे शक्य आहे, त्याप्रमाणे हप्ते पाडून द्यावेत."

तारीख, वेळ, कोण काय म्हणालं हे वहीत लिहीत चला, रोजच्या रोज. घरात मोबाईल असेल तर समोर धरून रेकॉर्डिंग करा, लपवायची गरज नाही, उलट समोर धरलं की भाषा सुधारते. आणि "कर्ज मान्य आहे" हे वाक्य अर्जात जरूर ठेवा, बुडवणारा माणूस आणि अडचणीतला माणूस ह्यातला फरक तिथं दिसतो.

३० दिवसात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडं. ऑनलाइन सीएमएस पोर्टल आहे, नाहीतर साध्या पोस्टानं चंदीगडला सेक्टर १७ मधल्या आरबीआयच्या केंद्राला अर्ज पाठवता येतो. १४४४८ हा त्यांचा नंबर, मराठीत बोलता येतं. फी काहीच नाही. आणि गंमत म्हणजे वकिलामार्फत तक्रार चालतच नाही तिथं, स्वतः करायची किंवा मुलाला लेखी अधिकार द्यायचा. म्हणजे मायच्या सहीचं किंवा अंगठ्याचं पत्र घेऊन तुम्ही पुण्यातून करू शकता. फक्त आधी कंपनीकडं तक्रार केलेली पाहिजे, सरळ लोकपालाकडं गेलात तर परत पाठवतात. सगळे इथंच घोटाळा करतात.

मायक्रोफायनान्सवाल्यांच्या दोन संघटना पण आहेत, एमफिन आणि सा-धन, कंपनी ज्याची सभासद असेल तिथं पण तक्रार घेतात, ती मधल्या ३० दिवसात करून ठेवा. आणि कोर्टाचं काही आलंच तर परभणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट बाईला नाही. हेल्पलाइन १५१००.


वसमतचा_हळदवाला:

मधी घुसतो माफ करा, माझं गटाचं नाही गाडीचं आहे. फायनान्सवर मोटारसायकल घेतली, हप्ते थकले, तर हिंगोली रोडवर चौघांनी आडवं लावून चावी काढून घेतली, गाडी घेऊन गेले, मी हळदीची पिशवी घेऊन रस्त्यावर उभा. गाडी तर त्यांच्याकडं गहाण आहे म्हणतात, मग ते बरोबर आहे का?


कोर्टाच्या_पायरीवर (अंबाजोगाई):

गहाण असली तरी रस्त्यात आडवं लावून हिसकावता येत नाही. सुप्रीम कोर्टानं २००७ ला प्रकाश कौर प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की बँकेनं गुंड पाठवून गाडी ओढायची नाही, कायद्याच्या मार्गानंच जायचं. गाडी जप्तीची अट करारात असते, पण बँकांना आरबीआयचे नियम असे की त्या अटीत आधी नोटीस किती दिवसाची, गाडी घ्यायची पद्धत काय, विकायच्या आधी पैसे भरायची शेवटची संधी, हे सगळं लिहिलेलं पाहिजे. तुमच्या करारात काय आहे ते बघा आणि आजच्या आज कंपनीला लिहा की गाडी कुठं आहे, किती भरलं तर सोडणार, लिलाव करू नका. उशीर केलात तर गाडी विकून टाकतात आणि वर उरलेल्या रकमेची नोटीस पाठवतात. चावी जबरदस्तीनं काढली त्याची ठाण्यात तक्रार वेगळी. गाडीत कागदपत्रं, सामान काही होतं का, त्याची यादी पण लिहा.


येलदरीचं_पाणी (ता. जिंतूर, जि. परभणी):

अपडेट देतो. वकील साहेबांनी सांगितलं तसा अर्ज ईमेल केला आणि चुलत भावानं जिंतूरला ब्रँचमध्ये नेऊन दिला. मॅनेजर आधी पोच द्यायला तयार नव्हता, भाऊ तिथंच खुर्चीवर बसून राहिला मग शिक्का मारला. संध्याकाळी परत दोघं आले होते घरी, गटप्रमुख बाई आणि दोन शेजारणी आधीच येऊन बसलेल्या. भावानं मोबाईल समोर धरून ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र मागितलं. एकाकडं ओळखपत्र होतं, दुसरा म्हणे मी नुसता सोबत आलोय. पत्र दोघाकडं पण नाही. पाच मिनिटात गेले. त्या दिवसापासून रात्री कुणी आलेलं नाही, पण फोन चालू आहेत, सहाच्या आतच करायलेत आता.

मॅनेजरचा मला फोन आला होता, म्हणायला एकरकमी भरत असाल तर काही रक्कम कमी करून सेटलमेंट करून देतो, वसुलीवाल्याच्या हातात रोख द्या, पावती नंतर देतो. माय म्हणायली करून टाक एकदाचं, तूर विकून आणि पाहुण्याकडून उसने घेऊन. करू का?


माजी_फील्डवाला (लातूर):

पावती नंतर म्हणला तिथंच थांबा. रोख कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत, निदान जागेवर पावती आणि कार्डावर नोंद झाल्याशिवाय तर नाहीच. वसुलीवाल्यानं पैसे घेतले आणि नोकरी सोडून पळाला, कंपनीच्या सिस्टीममध्ये आलेच नाहीत, अशी प्रकरणं मी स्वतः निस्तरलीत. ब्रँचच्या काउंटरवर भरा नाहीतर कंपनीच्या खात्यात यूपीआयनं भरा, कुणाच्या पर्सनल नंबरवर नाही.

सेटलमेंटचं आधी कंपनीच्या लेटरहेडवर लेखी पाहिजे, किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यानंतर काही बाकी राहणार नाही असं. पण ते करायच्या आधी जरा विचार करा. रक्कम कमी करून मिटवलं की क्रेडिट रिपोर्टला सेटल्ड असं लागतं, क्लोज्ड लागत नाही, आणि पुढं पीककर्ज काढायला गेलात की बँकवाला तेच पहिलं बघतो. कमी होणारी रक्कम थोडीच असेल तर मी म्हणेन पाहुण्याकडून उसने घेऊ नका, हप्ते वाढवून मागा, अर्जात लिहिलंच आहे तुम्ही. थकबाकी ९० दिवसाच्या वर गेली की कर्ज बुडीतात धरतात, तेवढी गेलीय का ते उताऱ्यात बघा, नसेल गेली तर एक दोन हप्ते भरून आत ठेवा. मायचा क्रेडिट रिपोर्ट पण काढून घ्या, गटाच्या कर्जाचं क्रिफ हाय मार्क ह्या क्रेडिट रिपोर्टवाल्या कंपनीकडं बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. कधी कधी त्यात भलतंच तिसरं कर्ज निघतं, कुणा मैत्रिणीसाठी आपल्या नावावर काढून दिलेलं आणि घरी न सांगितलेलं. मायला रागवू नका तसं निघालं तर, पण त्याचा पण उतारा त्याच अर्जात मागून घ्या.


येलदरीचं_पाणी (ता. जिंतूर, जि. परभणी):

तिसरं निघालं. २५ हजाराचं, मावशीसाठी काढलेलं. मावशी भरायली म्हणे, तीन हप्ते राहिलेत. रागावलो नाही. सेटलमेंट नको म्हणून मॅनेजरला ईमेल टाकलाय, हप्ते पाडून द्या म्हणून, उत्तर आलं की इथं टाकतो.